मूळ इब्रीतला ‘मी’

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मोबाईलवर तीन महिने इब्री म्हणजे हिब्रू भाषेचा कोर्स केला, आणि आमच्या घरी दर रविवारी मटण करपायला लागलं. खोटं वाटत असेल तर आमच्या हिला विचारा. अर्ध्या तासाचा उपदेश दीड तासावर गेला, मग गॅस कोण बंद करणार? दर दोन वाक्यांनी साहेब थांबायचे, "मूळ इब्रीत काय आहे बघा" म्हणायचे आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडं लिहीत सुटायचे.

त्या रविवारी तर त्यांना जास्तच जोर चढला होता. साहेबांना अजून तीन वर्षं ठेवायचं का, हे उपासनेनंतरच्या सभेत ठरणार होतं. पाऊण तास ते एकाच शब्दावर होते.

"आपण ज्याला ‘कोण’ म्हणतो, त्याला मूळ इब्रीत ‘मी’ म्हणतात. मी म्हणजे कोण. घरी जाऊन पाठ करा."

सभेत मंगळवेढ्याच्या सुलूआत्या उठल्या. "साहेब, पुढली तीन वर्सं हितं पाळक कोण?"

साहेब ताठ होऊन म्हणाले, "मी."

"व्हय, तेच इचारतीय की. कोण?"

"अहो आत्या, मी."

"आता ह्येंनाच म्हाईत न्हाय, तर आमी मत कुणाला द्यायचं?"

सभा हसायला लागली. साहेबांनी हात जोडले. "आत्या, मी मराठीत बोलतोय."

"मग उपदेशात बोलायला काय झालतं?"

साहेबांना तीन वर्षं मिळाली, पण मराठीत बोलायच्या बोलीवर.