वहिनीच्या बरणीतली अळी

मंडळी, तुमी सारे आले. मोर्शीचे आले, अमरावतीहून वहिनीच्या माहेरचे आले. दादा समोर बसला हाय, तो बोलणार नाही. म्हणून त्याचा लहान भाऊ म्हणून मी उभा राहिलो. पण मले बी काही सुचून नाही राहिलं.

मांगच्या हप्त्यात वहिनी चहा ठेवता ठेवता खाली बसल्या, अन् उठल्याच नाहीत. काहून झालं असं? डॉक्टरनं हृदयाचं सांगतलं. मले अजून समजलं नाही.

वहिनी अकोल्याले शेतीचं शिकल्या होत्या. आपल्या बागेत आंबिया बहार पिकाले आला का संत्री गळत. फळाले टाचणीएवढं भोक, भोवती सड. मी फवारे मारले. फळं गळतच. मंग एक दिवस वहिनीनं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गुळवेलीवरून काळ्या अळ्या आणल्या. दोन बरण्या केल्या. एकीत गुळवेलीची पानं, दुसरीत संत्र्याची. गुळवेलीवरची अळी फुगली, पानात गुंडाळून कोशात गेली, पाखरू होऊन निघाली. संत्र्यावरची? तिनं तोंड नाही लावलं. उपाशी मेली.

मी म्हटलं, "वहिनी, जे संत्र्याचं पान खात नाही, ते फळ कसं नासवते?"

"लहानपणी त्याले गुळवेलच लागते, भाऊजी. मोठं झालं का सोंड येते. ते सोंड संत्र्यात खुपसते."

मी मान हलवली. समजलं होतं का? नाही.

रहीमचाचा, तुमी तिकडे बसले हा. धुरा तुमचा-आमचा एकच. वेल तोडाची म्हणून वहिनी तुमच्या दारी आल्या. तुमी म्हटलं, "बेटी, ये तो मेरे बुखार की दवा है." वहिनीनं एक वेल कुंडीत लावून तुमच्या अंगणात ठेवली, पाखरानं अंडी घालू नये म्हणून वरून मच्छरदाणी बांधली. बाकीची आमी तोडली. यंदा गळ कमी झाली. तुमीच पाह्यलं.

तरी वहिनीचं मन भरलं नाही. कोवळ्या पानावर अळी भराभर वाढते, जून पानावर रखडते, असं त्यायले वाटे. ते पाहाले त्यायनं दुसऱ्याच्या धुऱ्यावरून अळी आणून पुन्हा पाळली. अन् मधातच गेल्या.

मौतीच्या गर्दीत बरणी कोणाले आठवणार? मी सयपाकघरात गेलो, तं दादा खिडकीपाशी उभा. कधी अळीले हात न लावणारा माणूस, चाचाच्या कुंडीतली पानं बरणीत घालून राहिला.

"दादा, हे काय करून राहिला? या किड्यायनंच आपला बाग नासवला."

"तिनं सांगतलं होतं, पानं वाळू देऊ नोको."

 

आज सकाळी दादा पुन्हा ताजी पानं घेऊन उभा. मले म्हणे, "काहून खात नाही हे?"

पाह्यलं, तं अळी कोशात गेली होती.

"आता तिले पान लागत नाही, दादा."

तरी तो पानं हातात धरून उभाच.

मंडळी, पाखरू निघन. सोडलं तं कोणाच्या तरी संत्र्यावर जाईन. मारलं तं दादाच्या डोळ्यात पाहता येणार नाही मले. वहिनीले इचारलं असतं. आता कोणाले इचारू? तुमच्यातल्या कोणाले उमगलं, तं सांगजा मले.

आता उलीसक, दोन मिनिटं, उगे राहू. सारे उभे राहा. वहिनी, तुमाले नमस्कार.