मांडवाले एक बांबू कमी

हॅलो… हॅलो, कोण? … अवं भामे, तू होय! … हौ, मीच. त्र्यंबकच. या नंबरावर दुसरा कोण उचलणार? … कुठं म्हणजे? राजेगावच्या पुलाखाली. बाघ नदीत, गुडघाभर पाण्यात उभा आहो. … नाही, अजून नाही लागला. … नाही लागला म्हटलं ना वं!

कोण आला? … महागू? इतक्यातच? … अरे देवा. लांजीवरून पहिल्याच बसनं निघाला का हा बुरूड? … हौ, मीच बोलावलं त्याले. वालाच्या वेलाले मांडव टाकायले. शेंगा कौलावर लोंबून राह्यल्या, मले काय दिसत नाही? … मंग टाकू दे की मांडव. … काय कमी पडते? … एक बांबू? … एकच? … तं शेजारच्या गीताबाईकडं पाह्य एखादा. …

नाही. … नाही, भामे. … हौ, बोललो होतो. दसऱ्यापर्यंत या गळाच्या काडीले मासा लागला नाही तं काडी मांडवाले, असंच बोललो होतो. दसरा गेला. मंग तू आजचा दिवस देल्ला, दुपारचे बारा वाजेपर्यंत. शब्द म्हणजे शब्द, मी काय पलटून राह्यलो? … अकरा चाळीस? तुह्यं ते भिंतीवरचं घड्याळ पुढं पळते. …

अन् तिले काडी नको म्हणू वं. … मी म्हटलं तरी तू नको म्हणू. सहा-सहा चिपा तासून सरसानं चिकटवलेल्या, विलायती बांबू, तीन तुकडे, पितळेचे सांधे… खुद्द गव्हर्नरसाहेबानं माह्या बाबाले… … बरं, गव्हर्नर नव्हता. जंगलखात्याचा साहेब होता. … बरं, साहेबही नव्हता. क्लबाच्या भंगारातून आली, मोडक्या टेबलासंगं. झालं समाधान? पण टेबलाले वाळवी लागली, अन् काडी अजून ताठ आहे. … बघ, मीही काडीच म्हणून राह्यलो.

मंग? दर रविवारी पुसतोच मी तिले. ओली राह्यली की चिपा उकलते. भिंतीले टेकवली की जन्माचा पोक येते, म्हणून खिळ्याले टांगतो. … देवघराच्या खिळ्याले नाही, त्याच्या बाजूच्या. … नाकाले घासतो त्यात काय? सांध्याले नाकाचं तेलच पाहिजे, गोडंतेल लावलं तं धूळ बसते अन् सांधा असा फसते का दोन माणसं लागते उपसायले. … हौ. पोरीच्या, वल्लरीच्या सासरच्या लोकायसमोर नव्हतं घासायले पाहिजे. मान्य. पण त्या इहीणबाईनं मागून हळूच विचारलं ना, दादा, हे कोणत्या देवाचं आहे म्हणून. …

ऐक ना, वीस मिनटं आहेत. महागूले चहा दे. पोहे दे. तो पोहे खाते तं हळू खाते. … अवं, सकाळपासून चार वेळा उसळी पाह्यली मी त्या खडकामागं. गीताबाईच्या कोंबड्याच्या पिसाची माशी गळाले बांधली आहे, हुबेहूब. … नाही, कोंबड्याले विचारलं नव्हतं. गीताबाईलेही नाही. … थांब, एक टाकतो. फोन खांद्यात दाबून टाकतो. मागं… थांब… पुढं. बघ कशी उतरली! पाण्यालेही पत्ता नाही का…

आँ? …

ए! … एऽऽ! … भामे! भामे, लागला! … लागला म्हणतो! … अवं वाल गेला खड्ड्यात, मासा लागला! काडी वाकली! चर्रऽऽ करून दोरी पळून राह्यली, आयकू येते का? … ते चरखीचं आहे, माह्या दाताचं नाही! …

थांब, फोन पडते… थांब… एका हातानं… हं. … आता बोल. दुपट्ट्यानं बांधला. फोन. कानाले. डोक्यावरून गाठ मारली. … हौ, दाढ दुखल्यासारखी. पाहायले कोण आहे इथं? … बाप रे बाप! दहा किलो! दहा किलोच्या खाली नाही हा! …

काहून हासतं? … काहून हासतं, विचारून राह्यलो! … खोटं? देवाशपथ! … त्या देवाची नाही, दुसऱ्या… अवं, ऐक, खरंच लागला! महागूले दे फोन. नाही, तू नको जाऊ. स्पीकरवर टाक. … महागू! अरे बापा महागू! तुह्या शेंड्याची कमान झाली, कमान! … हौ! हौ, तोच, तू बनवलेला! आपल्या लांजीचा बांबू! विलायती दोन तुकडे ढिम्म आहेत अन् लांजीवाला नाचून राह्यला! … काय करू? … ढील देऊ? … देल्ली. … आता ओढू? … नको? … बरं, नको.

गेला! … महाराष्ट्रात गेला! … अवं, त्या काठाले! नदीच्या मधातून हद्द आहे ना. मी मध्यप्रदेशात, मासा महाराष्ट्रात, अन् मधात माही दोरी. … टुंग वाजलं ना? गोंदियाचा टावर आला. तुमचं महाराष्ट्रात स्वागत आहे म्हणते. मले नको बाबा स्वागत, माह्या माशाले वापस पाठव! … हॅलो? … हौ, आयकू येते, बोल. …

आला! वळला! … इकडं येऊन राह्यला. … आता दिसला पाठीचा कडा. … पाच. पाच किलोचा धर. … दहा तं पाण्यामुळं वाटलं. … नदीचा जोर धरला होता त्यात. …

ओ भैया! अरे ओ ट्रकवाले भैया! पुल के ऊपर हॉर्न मत बजाओ! … मछली भाग जाएगी! … हाँ हाँ, दिख रहा है ना? बड़ी है ना? … क्या? … जा बाबा, तू जा, आगे बढ़! … काही नाही भामे. त्याले वरून नीट दिसत नाही. म्हणते, चप्पल अटकी है क्या. …

काय म्हणते महागू? … शेंडा जपू? … हौ रे, जपतो. मले नको शिकवू. पहिला शेंडा कसा गेला ते विसरलो का मी? वैनगंगेच्या डोहात, चाळीस किलोचा महाशीर, तीन घंटे मले ओढत नेलं, अन् शेवटी काडकन… सगळ्या बालाघाटले माहीत आहे ते. …

भामे? … हॅलो? … मासा नव्हता म्हणतं? … मंग कशानं मोडला? … बोल ना. …

हं. …

हं. … काडीनं शेवग्याच्या शेंगा पाडत होती तू. …

मले माहीत आहे. … हौ. तवापासूनच. एकतीस वर्षं. … अवं, सांध्यात शेवग्याचा पाला अडकला होता, बाई. महाशीर का शेवग्यावर चढते? अन् तू काडी दाराआड उभी केलती, अन् सांबार तं असं झकास केलतं, पण स्वतः जेवली नाही. … मंग काय बोलू? संध्याकाळी माहे मोठे दादा आले, म्हणाले त्र्यंबक, हे कसं मोडलं? तू चौकटीत उभी, चेहरा पांढरा फट्ट. तोंडातून निघून गेलं, मासा होता म्हणून. … आधी आठच किलोचा होता तो. … हौ, मंग वाढत गेला. दर पाहुण्यागणिक वाढला. मी काय करू, लोकायले आवडे. …

रडू नको वं. … नाही? कांदा? … बरं, कांदा कापून राह्यली. … अवं, ऐक ना, मासा बसला. खडकाआड बसला तळाशी. हालत नाही. …

पण माशाचं मी बाकी खोटं… काय? … हौ. मी पकडले म्हणून आणत होतो ते रोहू राजेगावच्या बाजारातले. … माहीत होतं तुले? कधीपासून? … पहिल्याच दिवसापासून! … कसं? … खवले काढलेले? … अन् पोट साफ? … अरेच्चा. ते मी कधी ध्यानातच नाही घेतलं.

महागू, आता काय करू रे? बसला हा. … हलकेच काडी टिचकीनं वाजवू? … वाजवली. … अन् तो लाल धागा? कोणता? शेंड्यावर गुंडाळलेला? हौ, एक फेर सुटला आहे त्याचा. … महागू, चूप. … महागू, चूप बैस म्हटलं! पोहे खाय! …

काय म्हणाला तो? … नाही, काही नाही म्हणाला. साधा धागा आहे. … रेशमाचा, हौ. … लाल, हौ. … भामे, तू आधी बसून घे. …

शालू कुरतडला तो उंदीर नव्हता. …

अवं, काठाची फक्त एक किनार! शालूच्या आतल्या बाजूची! त्या शेंड्याले रेशीमच लागते, सूत टिकत नाही पाण्यात. अन् तू नेसतच कुठं होती तो? … वल्लरीच्या लग्नात नेसणार होती. हौ. आठवते. … हौ, तू पिंजरा लावला होता. अन् मीच त्यात रोज भाकरीचा तुकडा… हौ. … शिव्या मंग दे. घरी आल्यावर दे. सगळ्या दे. तुह्या शेंगा अन् माहा धागा, झाली बरोबरी… … नाही झाली. बरं, नाही झाली.

निघाला! निघाला, निघाला, उठला! … येऽऽ… ये माह्या राजा… ये… काडी वर, महागू, हौ, काडी वर… आला! पायापाशी आला! … भामे, सोनं! सोन्याचे खवले! महाशीरच आहे वं! …

किती? … दोन किलो. … अं… थांब, हातात घेतो, हात ओला करतो आधी. … किलो. … पाव. …

बारा बोटं. …

हौ, बारा. मोजली ना. शेपटीसकट. … पोरगं आहे ते अजून. असं पायते माह्याकडं. … घड्याळात? … अकरा अठ्ठावन्न? बघ, जिंकलो! दोन मिनटं राखून! …

फोटो? कसा काढू? फोन दुपट्ट्यात बांधला, गाठ बसली पक्की, एका हातात काडी, एका हातात हे. … घरी आणू? … दाखवायले? … घरी येईपर्यंत मरते ना वं. …

नाही, भामे. नाही आणत. … शर्त माहीत आहे मले. मासा तुले दिसला नाही म्हणजे लागला नाही, अन् काडी मांडवाले. … घे मंग काडी. सांग महागूले, खड्डा खण. शेंडा तेवढा वरती ठेवजो म्हणा, मातीत नको गाडू, त्याले ओल चालत नाही. … मी सोडून राह्यलो याले. … हे बघ, तोंड प्रवाहाकडं धरलं… कल्ले हालवून राह्यला… हं… हं… गेला. … सपकन. … मध्यप्रदेशातच गेला. …

भामे? … काय? … खरं वाटते? फोटो नाही, मासा नाही, अन् खरं वाटते? काहून? …

…बारा बोटं म्हटलं म्हणून? … बेचाळीस वर्षांत माह्या तोंडातून एवढा लहान मासा निघाला नाही? … …हौ. बरोबर आहे तुह्यं. …

अन् मांडव? … कपडे वाळवायचा बांबू देल्ला? मंग कपडे? … वालाच्या मांडवावरच वाळवशीन. … महागू हासते का? हासू दे. त्याले म्हणा, तुह्या शेंड्याले पहिला मासा लागला. … हौ, येतो. शेंडा पुसतो, सांधे सोडतो, निघतो. … आणतो, कोथिंबीर आणतो. …

ऐक ना, एक राह्यलं. संध्याकाळी वल्लरीचा फोन येईन, मोठे दादाही येतीन. त्यायले काय सांगायचं? बारा बोटं? … आँ? … किती? … भामे! … अठरा किलो? … तू सांगशीन? तू स्वतः? … अन् दोन वेळा महाराष्ट्रात ओढून नेलं मले? गळ्यापर्यंत पाण्यात? … अन् लाल रेशमानं शेंडा तगला… शालूचं नाव घेशीन? … घे. घे, हक्क आहे तुहा. … पण अठरा नको वं, लोक हासतीन. कोणी मानत नाही एकदम अठरा. आज साडेसतरा म्हण, अन् दिवाळीपर्यंत… हॅलो? … टुंग वाजलं… हॅलो, भामे? … साडेसतरा! …