सोबत ड्रायव्हर एक

यशवंत : गेले साहेब-मॅडम आत. गेटही लागलं. आता मराठीत बोललास तरी चालेल.

अतुल : हो बाबा. चला. पालमवरून जाऊ, चारच्या आत द्वारका.

यशवंत : रस्ता मला सांगू नकोस. एकतीस वर्षं दिल्लीत याच रस्त्यांवर साहेब लोकांना घेऊन फिरलोय.

अतुल : दमला असाल. पानिपत जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर.

यशवंत : दोनशेनं काय होतंय. तुझा हात हायवेवर अजून बसला नाही म्हणून मीच म्हटलं होतं ना, साहेबांना न्यायचंय तर मी चालवतो.

अतुल : पराठे कसे होते? तुमच्या तिकडे, म्हणजे त्या बाजूला, गरम दिले ना?

यशवंत : एकदम तव्यावरचे. ढाब्यावर ड्रायव्हर लोकांना आधी वाढतात, तुला माहीत नाही. ड्रायव्हर खूश तर पुढच्या वेळी गाडी तिथेच थांबणार. गोभीचा घेतला, मुळ्याचा घेतला, वर लोणी एवढं. आणि बिल नाही.

अतुल : त्या वेटरने घोळ केला, बाबा. तुम्ही गाडी लावून येईपर्यंत त्याने परस्पर ठरवूनच टाकलं. मी तुम्हाला हाक मारणारच होतो, तेवढ्यात सर लस्सीचं काहीतरी विचारायला लागले आणि...

यशवंत : कसला घोळ?

अतुल : तुम्हाला तिकडे ड्रायव्हर लोकांत बसवलं तो.

यशवंत : अतुल, मी तुझ्या मागेच उभा होतो. गाडीची चावी द्यायला आलो होतो. वेटरने विचारलं, "साब, साथ में ड्राइवर है? उनका खाना हमारी तरफ़ से." तू बोट वर केलंस. तोंडानेही म्हणालास, "एक."

अतुल : सिग्नल सुटला, बाबा.

यशवंत : दिसला मला.

अतुल : तुम्ही ऐकलंत हे मला माहीत नव्हतं.

यशवंत : नसतं ऐकलं तर बरं झालं असतं?

अतुल : नाही, तसं नाही म्हणायचं मला. मला काय म्हणायचंय तेच कळत नाहीये.

यशवंत : मग सकाळपासून सांग. माझ्या डोक्यात एक आहे, तुझ्या डोक्यात काय आहे ते बघू दे.

अतुल : सकाळी इथे गेटवर आलो, तुम्ही उतरून मॅडमसाठी दार उघडलंत.

यशवंत : ती माझी चूक. कोणी गाडीकडे येताना दिसलं की हात आपोआप दाराकडे जातो.

अतुल : आणि त्या म्हणाल्या, "अरे वा, ड्रायव्हर बरोबर आठला हजर." तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. मग वाटलं, सगळे बसले की सांगू. मग वाटलं, सिंघू बॉर्डर गेली की सांगू. जेवढा उशीर झाला तेवढं अवघड होत गेलं. मुरथलला ढाब्यावर उतरलो तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर ते विचारतील, मग दीड तास तोंडात काय धरून बसला होतात? रोशनी बरोबर असती तर हे झालंच नसतं. तिने मागून दहादा बाबा, बाबा केलं असतं.

यशवंत : सुनेला बोल लावू नकोस. अपूर्वाची उद्या परीक्षा, लेकीला सोडून ती कशी येणार.

अतुल : बोल नाही लावत.

यशवंत : तू गप्प राहिलास म्हणून मी हिंदीत गेलो. म्हटलं, मराठी बोललो तर बाई विचारणार, अय्या, तुम्ही आपल्याकडचे का? गाव कुठलं, आडनाव काय? मग तुझं आणि माझं एकच निघणार.

अतुल : मला वाटलं, तुम्ही आपले सहज...

यशवंत : सहज कोण बापलेक हिंदीत बोलतात? "आगे से यू-टर्न लूँ क्या, सर?" सर म्हणालो मी तुला. आणि तू काय म्हणालास, आठवतं?

अतुल : नका ना, बाबा.

यशवंत : "भैया, एसी ज़रा कम कर दो."

अतुल : तोंडातून गेलं आणि माझे कान तापले. नंतर पानिपतपर्यंत मी तुमच्याकडे मान वळवली नाही. खिडकीतून नुसती शेतं बघत होतो.

यशवंत : एसी कमी केला मी.

अतुल : माहीत आहे.

यशवंत : असं काय आहे रे त्या साहेबांत? मला तर साधा वाटला माणूस. पानिपतच्या लढाईच्या त्या काला आंबच्या स्मारकापाशी उन्हात उभा राहून सगळं वाचत होता बिचारा.

अतुल : साधेच आहेत. म्हणून तर जास्त लाज वाटते. ते काही वाकडं बोलले नसते. बाबा, ऑफिसात मी सांगितलंय की माझे वडील मिनिस्ट्रीत होते.

यशवंत : होतोच की. पार्किंगमध्ये.

अतुल : डबा खाताना सगळ्यांच्या घरचं निघतं. या विश्वनाथ सरांचे वडील प्राध्यापक, आजोबा वकील. मी मिनिस्ट्रीत म्हटलं, तर त्यांनी सहज विचारलं, "अच्छा, कुठल्या पोस्टवरून रिटायर झाले?" मी डाळीत मीठ कमी आहे म्हणालो.

यशवंत : डाळीत मीठ कमी.

अतुल : हो.

यशवंत : दहावीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय तूच लिहिला होतास. स्टाफ कार ड्रायव्हर. मी सही करताना दोनदा वाचलं. अक्षर चांगलं होतं.

अतुल : तेव्हा नव्हती वाटत लाज.

यशवंत : कधीपासून वाटायला लागली?

अतुल : तुमची नाही हो... वाटते. खोटं कशाला बोलू. तुमची वाटते, आणि तुमची वाटते म्हणून स्वतःची त्याच्या दुप्पट वाटते. मला वाटलं होतं, परीक्षा पास झालो, गॅझेटेड ऑफिसर झालो की जाईल. उलट वाढली. जितका वर गेलो तितकी मागे कोणी बघेल याची भीती.

यशवंत : एक विचारू? ढाब्यावरून निघाल्यावर बाई तुला मराठीत म्हणाल्या, "बिचारा, या वयात गाडी चालवतोय. मुलं बघत नसतील."

अतुल : हो.

यशवंत : तू म्हणालास, "काय करणार, मॅडम."

अतुल : हो.

यशवंत : तेवढं एक म्हणायला नको होतंस. नुसतं गप्प बसला असतास तरी चाललं असतं मला.

अतुल : बाबा, मॅडमचाच फोन आलाय. गाडीच्या स्पीकरवर जोडलाय, थांबा... हॅलो, बोला मॅडम.

कुमुद (फोनवर) : अतुल, पोचलात का घरी? खूप छान झाला हो दिवस. ऐका ना, पुढच्या रविवारी पुण्याहून माझे आईवडील येताहेत, त्यांना आग्र्याला न्यायचंय. हे म्हणतात, तुमचा तो ड्रायव्हरच हवा. किती सांभाळून चालवतात ते. रविवारी मोकळे असतील का?

अतुल : रविवारी... मी विचारतो, मॅडम.

कुमुद : विचारा हं नक्की. आणि उरलेल्या पराठ्यांचं पार्सल दिलंय मी त्यांना. घेतच नव्हते, संकोचत होते. घरी नातवंडांना न्या, म्हटलं.

अतुल : हो मॅडम. सांगतो मी त्यांना.

कुमुद : चला, ठेवते.

यशवंत : विचार मग.

अतुल : काय?

यशवंत : रविवारी मोकळा आहे का ते.

अतुल : गाडी बाजूला घ्या, बाबा.

यशवंत : फ्लायओव्हरवर थांबता येत नाही. खाली पेट्रोल पंप आहे, तिथे घेतो.

अतुल : परत तेच केलं मी. तुम्ही इथे शेजारी बसलेले असताना. सकाळचं निदान अचानक झालं म्हणता आलं असतं.

यशवंत : आता तिसऱ्यांदा रविवारी करशील. मी आग्र्याला जाईन, म्हाताऱ्यांना ताज दाखवून आणीन, बाई पुन्हा पार्सल देतील. मला चालेल. गाडी चालवायला मला आवडतं. तुला चालेल का ते बघ.

अतुल : फोन लावतो.

यशवंत : माझ्यासाठी लावू नकोस.

अतुल : मग कोणासाठी?

यशवंत : ते तुझं तू बघ. आला पंप.

अतुल : मॅडम, अतुल बोलतोय परत. ते रविवारचं... ते ड्रायव्हर नाहीत.

कुमुद : म्हणजे?

अतुल : म्हणजे होते. मिनिस्ट्रीत एकतीस वर्षं स्टाफ कार चालवली त्यांनी. माझे वडील आहेत ते. यशवंत गजभिये.

कुमुद : कोण?

अतुल : माझे वडील. सकाळी तुम्ही ड्रायव्हर म्हणालात तेव्हा मी बोललो नाही. ढाब्यावर त्यांना तिकडे मीच बसवलं, वेटरने नाही. तुमची यात काही चूक नाही, मॅडम.

कुमुद : पण ते तर हिंदी बोलत होते. त्यांना मराठी येतं?

अतुल : हो.

कुमुद : मग मी गाडीत जे बोलले... मुलं बघत नसतील म्हणून...

अतुल : ऐकलं त्यांनी. आत्ताही ऐकताहेत. स्पीकर चालू आहे.

कुमुद : अहो, मग आधी सांगायचं ना. काय बोलू मी आता?

यशवंत : नमस्कार, मॅडम. मनाला लावून घेऊ नका. पार्सल नातीपर्यंत पोचेल. मुळ्याचा तिला फार आवडतो.

कुमुद : नमस्कार काका. मी तुम्हाला... तुम्ही दिवसभर मराठीत एक अक्षर बोलला नाहीत.

यशवंत : मागच्या सीटवरचं बोलणं ऐकायचं नसतं, मॅडम. नोकरीत पहिल्या आठवड्यात तेच शिकवतात.

कुमुद : मला खूप वाईट वाटतंय हो. अतुल, मी यांना सांगते सगळं. मग बोलू.

अतुल : झालं.

यशवंत : झालं. पाणी पी जरा.

अतुल : उद्या सरांसमोर कसा जाऊ? ते काही बोलणार नाहीत, तेच सगळ्यात वाईट.

यशवंत : जाशील. नोकरी आहे, जावं लागतं.

अतुल : तुम्ही रागावलाय.

यशवंत : रागावलोय थोडा. उतरेल. एकदम नाही उतरणार.

अतुल : ढाब्यावर तुम्ही हसत होतात. मी सारखा तिकडेच बघत होतो. चार-पाच ड्रायव्हर आणि मध्ये तुम्ही. काय चाललं होतं एवढं?

यशवंत : दुसरं काय असणार? आपापले साहेब. एकाचा साहेब म्हणे गाडीत बसला की पाय वर डॅशबोर्डवर. दुसऱ्याची मॅडम वाटेत दर दहा मिनिटांनी चहासाठी थांबवते आणि चहा कडू म्हणून ओतून देते. सगळे सांगून झाले, मग मला विचारलं, "ताऊ, आपका साहब कैसा है?"

अतुल : मग?

यशवंत : तोंडात पराठा होता. तो आधी संपवला.

अतुल : काय सांगितलंत, बाबा?

यशवंत : म्हटलं, नवीन आहे. अजून नीट ओळख झाली नाही.