आईने निवडलेला पास

स्वित्झर्लंडचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आईचं ऐका. ती नाशिकहून इकडे आखातात, अल नहदाला आमच्याकडे राहायला आली होती आणि आम्ही तिघं तिला घेऊन फिरायला निघणार होतो. तिथल्या रेल्वेचा कुठला पास घ्यायचा, यावर मी तीन आठवडे एक्सेल शीट करत होतो. निम्म्या दरात तिकीट देणारं हाफ फेअर कार्ड काढून प्रत्येक गाडीचं वेगळं तिकीट घेतलं, तर पासपेक्षा थोडं स्वस्त पडत होतं.

शेवटी आमची रेवा वैतागली. "बाबा, जस्ट आस्क आजी!"

आई म्हणाली, "मला वाटेल तिथे चढता-उतरता येईल, तो घे. दर वेळी तुझी परवानगी नको."

"यल्ला, खलास! चला, ठरलं!" म्हणत बायकोने लॅपटॉप बंद केला. घेतला सगळ्या गाड्यांना चालणारा पास.

तिसऱ्या दिवशी एका छोट्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. आम्ही कॉफी घेऊन वळतोय, तर बाकावर आई नाही. समोरून एक गाडी निघालेली आणि खिडकीत आई, हात हलवत! तिचा फोन माझ्या खिशात. चाळीस मिनिटं मी फलाटावर नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. रेवा तर चक्क मराठीत रडायला लागली.

मग उलट दिशेने गाडी आली आणि आई ऐटीत उतरली.

"अगं आई, गेली होतीस कुठे?"

"पुढे केवढं सुंदर तळं आहे! तुम्ही इथे कॉफी काय पीत बसलात? चला, दाखवते."