राउटरची दोन कुलपं

अठरा मे. ऊन कडक, वारा अजिबात नाही.

झरीत मी आणि गौतम मिळून गावाला इंटरनेट देतो. राउटरचा प्रोग्रॅमही आम्हीच लिहिलाय. दुपारी दोनला तो अडकला, आणि गौतमच्या बहिणीचा, सविताचा, नर्सिंगचा फॉर्म पाचच्या आत भरायचा होता.

"मार्गांच्या यादीला मी कुलूप लावलंय," मी म्हणालो. डेटा कुठल्या वाटेनं पाठवायचा त्याची ही यादी; आणि कुलूप म्हणजे प्रोग्रॅमचा एक भाग ती वापरेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं.

"मी बी लावलंय की, मेमरीला. तुमी यादी वाचायलात अन् मी तवर मेमरी रिकामी केली म्हंजे?"

तपासलं. माझा भाग यादी अडवून मेमरी मोकळी व्हायची वाट बघत होता. त्याचा भाग मेमरी अडवून यादीची.

"तुझं कुलूप काढ."

"तुमी मोठे, भाऊ. आधी तुमी."

"माझं बरोबर आहे."

"माजं बी बरोबरच हाय."

सविता दारातच उभी होती. "चालू द्या तुमचं निवांत," म्हणाली आणि कागदांची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघाली.

शेवटी ठरलं की दोघांनीही आधी यादीला आणि मग मेमरीला कुलूप लावायचं. राउटर पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. सविताचा फॉर्म परभणीहून चार चाळीसला गेला होता.