कडू हाताचा घास

ऐका. आणि ए, शेकोटीत ओल्या काटक्या घालू नका, डोळ्यांत धूर जातोय माझ्या!

माझा थोरला भाऊ भिवा. त्याच्या कोबीवर अळी पडली. पानांची नुसती चाळण! हौसावहिनीनं कमरेवर घागरी वाहून जगवलेलं पीक, डोळ्यांदेखत चाललं होतं. त्यांच्याकडं कडुलिंब नाही, माझ्या दारात आहे, म्हणून निंबोळ्या कुटायला तो माझ्या घरी आला. दिवसभर कुटल्या आम्ही. राखेनं हात घासले, तरी दुपारचा घास कडूजहर! रातीला भिजवायच्या, उद्या गाळून फवारायच्या. म्हणून अंधार पडला तरी गडी गाठोडं घेऊन निघालाच. म्हटलं, "दादा, ओढ्याकडनं जाऊ नको." ऐकतोय कुठला! जवळची वाट ना ती!

ओढ्यात उतरला. पुढं कुणीतरी कंदील घेऊन चाललेलं. हा मागं मागं. चालतोय, चालतोय, आणि समोर वाकडी बाभळ. पुन्हा चालला. पुन्हा तीच बाभळ! चकवा, बाबांनो! चकवा लागला त्याला!

मग घरच दिसलं. दारात हौसा. "आलासा? अळी गेली सगळी. टाका ते गाठोडं, जेवाय बसा."

केवढं बरं वाटलं त्याला! गाठोडं मात्र काखेतच राहिलं. एवढं कुटलेलं टाकवतंय होय कुणाला? बसला. भाकरी मोडली, घास तोंडात घातला. गोड! गुळासारखा गोड!

भाकरी खाली ठेवली त्यानं. अरे, दुपारी माझ्या घरी लोणचंसुद्धा कडू लागलं होतं त्याला. मग त्याच हातांचा घास गोड कसा?

"तू माझी हौसा न्हाईस!" म्हणाला, आणि निंबोळीची मूठच फेकली तिच्या तोंडावर.

अशी किंकाळी उठली! घर गेलं, कंदील गेला. बघतो तर डोहाच्या काठावर बसलाय. पाय पाण्यात, तोंडात चिखल. जरा पुढं सरकला असता तर संपलाच होता!

धावत माझ्या दारात आला. लिंबाला मिठी मारून रडला गडी. निंबोळी माझ्याच रांजणात भिजवली, सकाळी मोठ्या वाटेनं नेली. फवारल्यावर अळीनं हळूहळू पान सोडलं. कोबी वाचला.

माझा भाऊ वाचला हो! त्या लिंबाचे उपकार फिटायचे नाहीत. म्हणून रोज पहिला तांब्या त्याला, देवाला मागनं.

ओढ्याची वाट धरू नका, कितीही घाई असू दे. आणि कुटाईच्या दिवसांत घास कडू लागला, तर तोंड वाकडं करू नका रे. भिवा अजून पहिला घास चाखतो, कडू लागला की वहिनीकडं बघून हसतो.