सात सीट, आठवा मालक

त्र्यंबकच्या एसटीच्या रांगेत माझ्या पुढच्या गृहस्थांना मागून हाक आली.

"नाथाभाऊ, तुम्ही इथं? आज त्र्यंबकला नव्या गाडीची पूजा ना?"

"हो ना, गुरुजी. पण गाडी भरली. सात सीट, मी आठवा."

"अहो, सेडानमध्ये मावायचात की!"

"तेव्हा घरचे चौघंच असायचो. मोठी घेतल्यावर मेव्हण्याचं बिऱ्हाड आलं. चालवतोयही तोच. म्हणाला, दाजी, पुढं गुरुजींना बसवतो, तुम्ही एसटीनं या."

"मला म्हणाला, पुढं दाजी बसलेत, तुम्ही एसटीनं या!"

"मग पुढं बसलंय कोण?"

"ते राहू द्या. हार-नारळ कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मुहूर्त टळतोय. ही बस लागली बघा, हिलाच हार घाला."

"घालतो, गुरुजी. पण आधी रुमाल टाकून जागा धरतो."